शेकाटेबाईंची काळजी

एका जंगलात, मुलांनो, चक्क एक कचेरी होती. उन्हाळ्यात कुठल्या प्राण्यानं कुठल्या पाणवठ्यावर प्यायचं, हे ती ठरवायची. कचेरी नव्हती तेव्हा प्राणी तहान लागली की पाणी प्यायचे. फारच मागासलेले दिवस होते ते.

कचेरीचा साहेब होता एक गवा. त्यांना सगळे गवेसाहेब म्हणत. त्यांच्या हाताखाली अस्वलताई होत्या आणि डुकरेभाऊ नावाचं एक रानडुक्कर होतं. तिघंही अंगानं चांगले भरलेले. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. एका माकडानं एकदा काढला होता. अस्वलताईंना ते म्हणालं, "जरा वाढलात वाटतं." त्याची बदली निवडुंगाच्या माळावर झाली. माकडाला बसायला तिथं एक झाड नाही. बरोबरच झालं. दुसऱ्याच्या शरीरावर बोलणं असभ्य असतं ना, मुलांनो?

मग या कचेरीत वैजयंती शेकाटे नोकरीला लागली.

शेकाट्या तुम्ही पाहिला असेल. काळा-पांढरा पाणपक्षी, लांबलचक लाल पाय, आणि पाय इतके बारीक की वरचा पक्षी हवेत ठेवल्यासारखा वाटतो. वैजयंती तशीच होती. तिची आई तशी, आजी तशी, सगळं खानदान तसं.

पहिल्याच दिवशी अस्वलताई म्हणाल्या, "अगं बाई! घरी जेवायला घालतात ना तुला?"

"घालतात की," वैजयंती हसून म्हणाली. नवी नोकरी होती. नव्या नोकरीत सगळ्यालाच हसायचं असतं.

"वारा आला तर उडून जाशील हो!" डुकरेभाऊ म्हणाले.

"मी पक्षी आहे भाऊ. वारा नसला तरी उडते."

ते कुणी ऐकलं नाही. डुकरेभाऊ स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

आठवडाभरात तिचं नाव काडी पडलं. "काडी, इकडे ये." "काडी, पाय दुमडून बस, मोडतील." डबा उघडला की दोघं येऊन डोकावत. तिनं चार किडे खाल्ले तर म्हणत, एवढंच? वीस खाल्ले तर म्हणत, खातेस तर जातं कुठं, पोटात जंत आहेत का? गवेसाहेब स्वतः कधी काही म्हणत नसत. ते फक्त हसत. साहेब हसले की कचेरीत त्याला मंजुरी म्हणतात.

वैजयंतीनं सगळं करून पाहिलं. आधी हसून सोडून दिलं. मग समजावून सांगितलं, की आमची जातच अशी, मला काही आजार नाही. मग एक दिवस अस्वलताईंना बाजूला घेऊन ती म्हणाली, "ताई, मला हे लागतं. नका ना बोलू."

"अगं, चेष्टासुद्धा सहन होत नाही का तुला?" अस्वलताईंना खरंच नवल वाटलं. "आणि आम्ही काळजीपोटीच बोलतो ना?"

त्यानंतर वैजयंती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जेवू लागली.

जंगलाच्या टोकाला एक मोठं तळं होतं. उन्हाळा लागायच्या आधी आत उतरून, त्यात पाणी किती उरलंय ते कुणीतरी पाहून यायचं असे. तळाला गुडघ्याएवढा चिखल. जड प्राणी त्यात रुतायचा. वैजयंती साहेबांकडे गेली.

"साहेब, तळ्याची पाहणी मी करते. मी तळ्याकाठीच जन्मले आहे."

गवेसाहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खालपासून सुरुवात केल्यामुळे वेळ लागला.

"शेकाटेबाई, ऊन केवढं असतं तिथं! तुम्हाला चक्कर आली तर? अंगात थोडी ताकद नको?"

"मला आजवर कधी चक्कर आलेली नाही."

"म्हणूनच म्हणतो. येईल."

पाहणीला डुकरेभाऊ गेले. काठावरच्या चिखलात लोळले, कंद उकरून खाल्ले, दुरून तळ्याकडे पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "पाणी भरपूर आहे." साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी जेवताना अस्वलताई म्हणाल्या, "बरं झालं गं काडे, तुला नाही पाठवलं. एखाद्या कोल्ह्यानं हाड समजून पळवलं असतं!"

डुकरेभाऊंना हसता हसता ठसका लागला.

वैजयंतीनं डबा बंद केला. ती वळून म्हणाली, "ताई, तुम्ही तळ्यात उतरलात ना, तर सगळं पाणी बाहेर येईल."

ठसका थांबला. अस्वलताई ढसाढसा रडायला लागल्या.

लगेच चौकशी बसली. गवेसाहेब मोठ्या दगडावर बसले.

"शेकाटेबाई, दुसऱ्याच्या शरीरावर बोलू नये, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं साहेब. मी वर्षभर तेच सांगते आहे."

"तुमची गोष्ट वेगळी. तुमची आम्ही काळजी करतो. माफी मागा, नाहीतर निवडुंगाचा माळ."

वैजयंतीनं अस्वलताईंकडे पाहिलं. त्यांचं नाक अजून ओलं होतं. तिला खरंच वाईट वाटलं. ते कुठं आणि कसं लागतं, हे त्या कचेरीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ताई, चुकले मी. असं बोलायला नको होतं."

"झालं तर!" गवेसाहेब उठले.

"थांबा साहेब. आता माझी माफी कोण मागतंय?"

"तुमची? तुम्हाला कोण काय वाईट बोललंय?"

तेव्हा वैजयंतीनं सांगायला सुरुवात केली. घरी जेवायला घालतात का. पोटात जंत आहेत का. पाय मोडतील. हाड समजून पळवलं असतं. ज्याचं वाक्य त्याच्याच आवाजात, एकामागून एक.

आणि मुलांनो, काय सांगू? डुकरेभाऊ पुन्हा हसले. आपले जुने विनोद ओळीनं ऐकायला कुणाला आवडत नाही! गवेसाहेबांच्याही मिशा हलल्या.

"हसू नका," अस्वलताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"यातलं निम्मं मी बोललेय. आत्ता ऐकवत नव्हतं मला." मग त्या वैजयंतीकडे वळल्या. "वैजू, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. माफ कर."

"तुम्ही दोघी फार हळव्या झाल्यात," गवेसाहेब म्हणाले. "चौकशी संपली. जेवायला चला."

वैजयंती जेवायला गेली नाही. ती उडाली ती थेट तळ्यावर. आत उतरून तिनं सगळं तळं पायाखाली घातलं. मधोमधसुद्धा पाणी तिच्या गुडघ्याला लागत नव्हतं. ते तिनं काठावरच्या हरणांना आणि नीलगाईंना सांगितलं, आणि उन्हाळ्याच्या आधीच ती सगळी जनावरं नदीकडे निघून गेली. कचेरीला हे कळलं ते तळं आटल्यावर. वैजयंती मात्र तळ्यावरून परत आलीच नाही. पुढे तीही नदीवरच राहिली. तिथं सगळ्यांचेच पाय बारीक. कुणी मान वर करून बघत नाही.

कचेरीनंही धडा घेतला. दारात एक मोठी शिळा उभी केली. तिच्यावर कोरलं: "येथे कुणाच्याही जाडीवर बोलू नये." त्याखाली "बारीकपणावरही" असं कोरा, असा हट्ट अस्वलताईंनी धरला. साहेब म्हणाले, शिळेवर जागा नाही.

वैजयंतीच्या जागी एक गिधाड आलंय. कामाला चोख आहे. फक्त त्याच्या डोक्यावर एक पीस नाही. डुकरेभाऊंना त्याची फार काळजी वाटते.

तात्पर्य: दुसऱ्याला जाड म्हणणं असभ्य आहे, ते कधीही म्हणू नका. फारच राहवत नसेल, तर एखादा बारीक शोधा. आणि तो रडकुंडीला आला, तर त्याला सांगा, थोडं खात जा, म्हणजे अंगात सहन करायची ताकद येईल.