तात्यांचे गाळप

आमच्या शेजारचे गुणातात्या समुद्राचे पाणी धुऊन घेत. हसू नका, खरेच सांगतो. मुंबईच्या गोदीत तीस वर्षे पंप दुरुस्त करून ते मालवणात परतले आणि आल्या आल्या माजघरात, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, खाटेसमोर, पुरुषभर लांबीची टाकी बांधून बसले. तीन बाजूंना सिमेंट, चौथीला काच. आत खारे पाणी आणि जिवंत गोब्रे, तांबोशी!

मालवणात मासे पाळायचे म्हणजे थट्टाच की. येणारा-जाणारा काचेला नाक लावून विचारी, "तात्यानू, ह्येंचा तिखला कधी रांधतास?"

तात्या उसळत. "खावक न्हय रे, बघूक हाडलंय!"

उन्हाळाभर देवबागहून बैलगाडीने ताजे पाणी येई. खरी कसोटी पावसाळ्यात. किनारा गढूळ, त्यात खाडीचे गोडे पाणी मिसळलेले. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत टाकीतलेच पाणी गाळून गाळून वापरायचे, नाहीतर मासे गेले म्हणून समजा. "मासो पाण्यात नाय रे, गाळपात जगता," असे तात्या सगळ्यांना बजावत.

पहिले गाळप त्यांनी पावसाआधीच नारळाच्या ताज्या सोडणांचे केले. दोन दिवसांत टाकीचा चहा झाला! बिचारे गोब्रे चहात पोहू लागले. सोडणे आधी खाडीत कुजवायची असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तात्यांच्या अंगात मुंबई भिनलेली ना! मासे घंगाळात काढले, टाकी उपसली, पुन्हा भरली. मग एकावर एक तीन मडकी. वरच्यात कुजवलेला काथ्या, मधल्यात कोळसा, खालच्यात धुतलेली वाळू. आषाढात बाहेर समुद्र चिखल ओकत होता आणि आत पाणी असे नितळ, की मी तोंडात बोट घातले. काय डोके होते हो माणसाला!

एकच गोष्ट मला खटके. टाकीतले पाणी वरच्या मडक्यात चढवायचे कसे? तर लोट्याने! अर्धांगवायूने काकी खाटेला खिळलेल्या. त्यांच्या उशाशी स्टूल टाकून तात्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोटे ओतत आणि गोदीतल्या गमती सांगत. जन्मभर पंप जोडलेला माणूस हा! माझे डोके फिरे.

"तात्यानू, हातपंप लावा मा! घटकाभराचा काम."

"पंपान पाणी घुसळता. माशे भियेतत."

शेवटी एकदा तात्या बाजारात गेलेले बघून मी काकींना म्हटले, "काकी, मी मुंबयक जातंय. येताना पंप घेवन येतंय. तात्यांचे हाल बघवत नाय."

काकींनी चालता हात वर करून मला थांबवले.

"नको रे बाबा. लगीन झाल्यापासून हे मुंबयक. वर्साक एकदा येयत, गणपतीक. आता दिसभर माझ्याकडे बसतत, बोलतत. नुसता बसूक तेंका लाज वाटता रे, म्हणान लोटो."

मी स्टुलावरच्या लोट्याकडे बघितले.

"आणि पंप आसा," काकींनी नजरेने खाली खूण केली. वाकून बघतो तर खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेला नवाकोरा हातपंप. "येतानाच हाडल्यानी. मी निजलंय असा समजान तेका तेल लावतत. माका ठावक नाय असा वाटता तेंका. तू काय बोलू नको हां."