आईचे कान आणि विम्याचे साहेब

विमा मंजूर करून घेणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! अख्ख्या ऑफिसचे क्लेम मीच मार्गी लावतो. म्हणून आईच्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "विम्याचं माझ्यावर सोड."

"म्हणूनच काळजी वाटतेय," ती म्हणाली.

विम्याशिवाय ते ऑपरेशन आम्हाला झेपणारं नव्हतं. आणि आईला नातीचा आवाज एकदा तरी ऐकायचा होता.

कंपनीने सगळे रिपोर्ट घेतले आणि वर खात्री करायला एक साहेब घरी पाठवले. "पाहुण्यांशी नीट बोल हं," असं मी आईला बजावून ठेवलं. तिथेच माती खाल्ली!

आई ओठांवरून बोलणं ओळखते. तेही इतकं झटपट, की शेजाऱ्यांना ती बहिरी आहे हे अजून पटत नाही. त्यात साहेब गुळगुळीत दाढी केलेले, एकेक शब्द सुटा बोलणारे.

"आजी, ऐकू येतं का?"

"छे हो, अजिबात नाही!" आईने तत्परतेने सांगितलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं पाकीट मारलंय.

"साहेब, पाठ फिरवून विचारा!" मी घाईघाईने म्हणालो.

त्यांनी पाठ फिरवली. समोर नेमका कपाटाचा आरसा!

"वय काय तुमचं?"

"बहात्तर. पण तुम्ही कपाटाशी का बोलताय?"

साहेब पेन खिशाला लावून निघाले. इतक्यात बायको त्यांना म्हणाली, "अहो, फोन करून बघा ना!"

साहेब जिन्यात गेले. आईच्या हातातला फोन थरथरला, तिने तो कानाला लावला. जिन्यातून साहेब ओरडले, "आजी, तुमच्या घराला आग लागलीय!"

"हो का? छान झालं! जेवलास ना? अरे, तुझंच बरोबर आहे. ठेवते हं."

साहेब हसतच आत आले. "मंजूर!"

मला रडूच फुटलं. आई विचारत होती, "कोण होतं रे फोनवर?" बायको मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"रोज दुपारी ऑफिसातून फोन करून माझ्या तक्रारी सांगता, तेव्हाही आई हेच म्हणतात ना?"

फोन कानाला चिकटवला की आईला ऐकू येतं, असा आपला माझा समज होता हो!

सध्या दुपारी मी बायकोलाच फोन करतो. तिला सगळं नीट ऐकू येतं, त्यामुळे फार बोलता येत नाही.