सांडपाणी उलटल्यास चौथ्या मजल्याने घ्यावयाची काळजी

घरात सांडपाणी उलटणे ही तळमजल्यावर आपत्ती असते, दुसऱ्या मजल्यावर दुर्गंधी असते आणि चौथ्या मजल्यावर ती निव्वळ बातमी असते. मी चौथ्या मजल्यावर राहतो. शिवाय किरगिझस्तानातल्या बिश्केक शहरातल्या आमच्या इमारतीच्या दोन नंबरच्या जिन्याचा मी निवडून आलेला प्रमुख आहे (उमेदवार एकच होता, पण निवडणूक चुरशीची झाली). तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने मी नाही बोलायचं तर कोणी?

त्या शनिवारी माझ्याकडे नारीनहून व्याही आले होते. मुलाची सोयरीक नवी, म्हणजे पाहुणचारात तसूभर कमी पडून चालणार नव्हतं. मेंढा कापला, शेपटीची चरबी आणि काळीज व्याह्यांना रीतीप्रमाणे स्वतःच्या हाताने भरवलं. उरलेला चरबीचा रस्सा माझ्या बायकोने, साबिराने, संडासात ओतला. कचऱ्यात टाकला असता तर जिन्यात सांडला असता, आणि जिन्याची स्वच्छता ही माझी जबाबदारी आहे. बाहेर कडाक्याची थंडी, तळघरातला पाइप गारठलेला. थंडीत मेंढ्याच्या चरबीचं काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाइपात डोकावून कोण बघतो?

थोड्या वेळाने पाइपवर ठणठण सुरू झाली. तळमजल्यावरची बुरूलचा-एजे (एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई) पळीने पाइप बडवत होती. पाइप बडवणे ही आमच्या इमारतीची संपर्कव्यवस्था. अत्यंत भरवशाची, उणीव एकच, सगळ्या निरोपांचा आवाज सारखा येतो. पाचव्या मजल्यावरच्या मास्तरांना वाटलं, बाई रेडिओ बंद करा म्हणतेय. त्यांनी उलट बडवलं.

शेवटी एजे स्वतःच जिना चढून आली. पायात रबरी बूट, हातात रबरी मोजे, डोक्याचा रुमाल सुटलेला.

"अरे शारशेन, नळ बंद करा रे सगळ्यांनी! तुमचं सगळं माझ्या संडासातून वर येतंय. वीज तोडली मी, खिडक्या उघडल्या, प्लंबरला फोन केला. तो येईपर्यंत कोणी थेंबभर पाणी सोडू नका, एवढंच मागणं आहे. ऐझिरेकचा गालिचा आतल्या खोलीत जमिनीवर आहे. मला एकटीला उचलत नाही. दाबलेल्या लोकरीचा नमदा आहे बाबा तो, घाण प्यायला की संपला!"

ऐझिरेक ही तिची मुलगी, त्या वेळी कामावर गेलेली. वसंतात तिचं लग्न. गालिचा मायलेकींनी लोकर पिंजण्यापासून टाक्यांपर्यंत घरीच केला होता, तिच्या रुखवतात तेवढीच एक मिरवण्याजोगी वस्तू होती. दोन धडधाकट माणसांनी तो पलंगावर सहज टाकला असता. माझ्या घरात त्या वेळी सात होते, पण ते व्याही.

"एजे, दारातून परत जायचं नाही," मी म्हणालो. "नानचा तुकडा मोडा आधी."

आमच्याकडे दारात आलेल्याने नान चाखल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. एजेलाही ते मोडवेना. आता नानला हात लावायचा तर हात धुवायला हवेत, त्यातून ती कुठून आलेली! सांडपाण्याच्या बाबतीत सुरक्षिततेचे नियम इथे फार कडक आहेत: साबण लावून, कोपरापर्यंत, भरपूर वाहत्या पाण्याखाली. साबिराने नियमाचं तंतोतंत पालन केलं.

"पुरे गं बाई! हे माझ्याच घरात चाललंय!"

"असू द्या हो एजे, आमच्याकडे पाण्याला काही तोटा नाही."

एजेने कसाबसा तुकडा गिळला आणि सगळ्या जिन्याचं पाणी बंद करायला तळघराची किल्ली मागितली. मी म्हटलं, असे निर्णय एकट्याने घेता येत नाहीत. ती धावत खाली गेली आणि मी तातडीची बैठक बोलावली. सगळे मजले आले. दारात आलेल्या प्रत्येकाने नान चाखला. त्याआधी, अर्थातच, हात धुतले. पाणी बंद ठेवण्याच्या बाजूने शंभर टक्के मतदान झालं. हात धुणाऱ्यांचं प्रमाण एकशे दहा टक्के भरलं (मास्तरांनी चरबी खाल्ल्यावर पुन्हा धुतले). व्याही संडासाला जाऊन येत होते ते वेगळं. पाहुण्याला 'आत जाऊ नका' म्हणणारा किरगीझ अजून जन्माला यायचाय.

आणि अचानक नळ कोरडा पडला. एजेने हातोडीने तळघराचं कुलूप तोडून पाण्याची मुख्य चावी फिरवली होती. माझ्या विहीणबाई साबणाने माखलेले हात घेऊन न्हाणीघरात उभ्या! खरी आपत्ती म्हणतात ती हीच. बैठकीने जागच्या जागी निषेधाचा ठराव केला, आणि तो कळवायला मी तणतणत खाली गेलो.

एजेचं दार सताड उघडं होतं. गालिच्याचं एक टोक तिने ओढून पलंगावर घेतलं होतं. बाकीचा काळ्या पाण्यात. ती खाली बसून मोठ्याने रडत होती.

"ये, शारशेन, आत ये," ती म्हणाली. "तुकडा मोडून जा."

मी दारातूनच परतलो. रीतीलाही अपवाद असतात.

प्लंबर आला, त्याने पाइपातून पांढऱ्याफटक चरबीचा गोळा काढला. ती माझ्याच मेंढ्याची होती असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. घाण प्यायलेला नमदा धुता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो, हा नियम मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे. संध्याकाळी मायलेकींनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत ओढत नेला. आम्ही सर्व मजल्यांवरून, आपापल्या खिडक्यांतून, शेवटपर्यंत पाहिलं. सगळ्यांनाच फार वाईट वाटलं.

तुम्हालाही वाटलंच असेल. आणि हे असलं घाणेरडं वाचून आता हात धुवावेसेही वाटत असतील. अवश्य धुवा, साबण लावून, भरपूर पाण्याने. खाली कोण राहतं, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल तर आणखीच छान.