दौलतकाका आणि हातभर ओटा

दौलतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमचं कुंपण कापत होते.

आदल्याच संध्याकाळी आम्ही राळेगावहून बैलगाडीत सामान घालून या गावी आलो होतो. मी कन्याशाळेत शिक्षिका, आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. बायकोला अंगणात मोकळेपणानं वावरता यावं म्हणून यांनी घरापुढे बांबूचा चांगला डोक्याइतका उंच तट्टा आधीच ठोकून घेतला होता. सकाळी मी धुणं वाळत घालत होते, तर करवतीचा आवाज यायला लागला. पाहता पाहता तट्ट्याचा वरचा भाग धाडकन अंगणात पडला आणि त्याच्यामागून एक टोपी, एक चष्मा आणि भरघोस पांढऱ्या मिशा प्रकट झाल्या.

"नमस्कार बाई," मिशा म्हणाल्या. "कुंपण छातीच्या वर नाही पाह्यजे. आता पाहा, तुमी मले दिसता, मी तुमाले दिसतो. हवा बी आली."

माझ्या हातातलं ओलं लुगडं खाली मातीत पडलं. "अहो, पण हे आमचं कुंपण आहे!"

"म्हणून तर कापून देऊन राह्यलो. नव्या लोकाइले आल्या आल्या नोटीस देणं बरं दिसत नाही."

हे आमचे शेजारी. नगरपालिकेत जन्मभर बांधकामाचे ओव्हरसियर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्याचं त्यांना नगरपालिकेनं सांगितलं होतं, पण त्यांना ते फारसं पटलेलं नव्हतं. रोज सकाळी खाकी अर्धी चड्डी, खिशात मापाची टेप आणि हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन ते निघायचे. कोणाचं फाटक रस्त्याकडे उघडतं, कोणाच्या ओट्याची पायरी नालीवर आली, हे पाहत पाहत गावाला फेरी. "लाइन सुटली!" हा त्यांचा परवलीचा शब्द. घराची भिंत असो, लग्नातली पंगत असो, की माझ्या शाळेतल्या मुलींची प्रार्थनेची रांग, वाकडं दिसलं की काका थांबलेच. एकदा तर नवरदेवाच्या मुंडावळ्या बोटानं सरळ करून आले. नवरदेव घाबरून "आता बोहल्यावर चढू का?" असं त्यांनाच विचारायला लागला.

पण गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर नवा लेआउट पडला तेव्हा लोक काकांकडेच आले. कुंपण कुठं घालायचं, ओटा किती पुढं आणायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? काका फक्कीची रेघ ओढून द्यायचे आणि वर एक चहा प्यायचे, तोही बिनसाखरेचा.

तिथंच एका धान्याच्या व्यापाऱ्यानं प्लॉट घेतला. त्याच्या डाव्या हाताला सुखदेवनं आधीच घर बांधलं होतं. सुखदेव डाकघरात होता, आणि दोनच वर्षांमागं त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. व्यापारी म्हणाला, "काका, बाकी तिकून तार चालते. या बाजूनं तेवढी मोठी भित पाह्यजे. मानसाच्या वर."

"काहून? याच बाजूनं काहून?"

"नाही म्हणजे... हवा लागते ना."

काकांनी टोपी काढली, बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, "हवा तं तिकून येऊन राह्यली. पश्चिमेकून. मंग भित पश्चिमेले घाला." पश्चिमेला व्यापाऱ्याच्या सासऱ्याचा प्लॉट होता. काकांनी चारही बाजूंनी छातीइतक्या कुंपणाची रेघ ओढली आणि चहा न पिताच निघाले. मी सुखदेवच्या बायकोला लिहायला शिकवायला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. या माणसाच्या मापांत आणखी काही असेल असं तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकांचं खरं वैर मात्र होतं गफूरभाईंशी. गफूरभाईंचं घर आमच्या अगदी समोर. सायकली दुरुस्त करायचे, तेही घराच्या ओट्यावरच बसून. हा ओटा हातभर नालीवर आला होता. नोकरीत असताना काकांनी तो हातभर भाग उभं राहून पाडून घेतला. दुसऱ्याच दिवशी गफूरभाईंनी नालीवर लाकडी फळी टाकली आणि दुकान पुन्हा तेवढंच पुढं आलं. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या गल्लीत हे चालायचं.

"गफूरभाई, फळी म्हणजे बांधकाम!"

"फळी फळी है, दौलतराव. बांधकाम होता तो मैं इसपे भाड़ा नहीं लेता?"

"लाइन सुटली हाय!"

"तुम्हारी सुटी होगी. मेरी तो सीधी है. चष्मा बदलो!"

मग दोघंही आवाज चढवायचे. एकमेकांच्या सात पिढ्यांच्या बांधकामांचा उद्धार व्हायचा. मी पहिल्या दिवशी घाबरून यांना हाक मारली. हे म्हणाले, "अगं, मघाशी दोघं एकाच तंबाखूच्या पुडीतून खात होते." काकांची बायको कधीच गेली होती. मुलगा नागपूरला असायचा. त्यानं त्यांना एकदा हौसेनं नेलं, तर आठवडाभरात परत. का आलात विचारलं, तर म्हणाले, "तिथं कोनी कोनाच्या कुंपणाले काही म्हणतच नाही, बाई."

आणि मग गफूरभाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दुकान बंद पडलं, फळी भिंतीला उभी राहिली. काका सकाळी टेप घेऊन यायचे, समोर थोडा वेळ उभे राहायचे आणि निघून जायचे. एक दिवस त्यांनी मला फाटकाशी गाठलं.

"बाई, गफूर बाहीर काहून येत नाही?"

"काका, त्यांना लकवा झालाय ना."

"ते मले मालूम हाय. पण बाहीर काहून येत नाही?"

मग मी हमीदाभाभींकडून, म्हणजे गफूरभाईंच्या बायकोकडून ऐकलेलं सांगितलं. आतली खोली अंधारी, एक झरोका तेवढा. बाहेर न्या म्हणून गफूरभाई दिवसभर खुणा करतात, पण ओटा आता एवढा अरुंद उरलाय की त्यावर बाज मावत नाही, आणि फळी काही बाजेचा भार घेणार नाही.

काकांनी फक्कीचा डबा या हातातून त्या हातात घेतला आणि घरी गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी मी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थिजले. भर रस्त्यात एक बाज टाकलेली. बाजेवर दौलतकाका, टोपीसकट, उताणे झोपलेले. लोक सायकली बाजूनं काढून नेत होते. मला वाटलं, काकांनाही काहीतरी झालं! मी धावत गेले, तर ते झोपल्या झोपल्या गवंड्यावर ओरडत होते.

"अजून एक वीट काढ! मले नुसतं आभाळ दिसून राह्यलं. चौक दिसला पाह्यजे, चौक!"

बाज होती गफूरभाईंच्या ओट्यावरच, आणि तो ओटा रातोरात बांधून होत आला होता. नालीवर फरशी टाकून पाण्याला खालून वाट दिलेली, आणि ओटा नाली ओलांडून सरळ रस्त्यात. बाजेवरून माणूस पडू नये म्हणून कडेला कठडा. तो कठडा किती उंच ठेवायचा, याचं माप काका झोपून घेत होते.

"काका, हे रस्त्यात आलं," गवंडी भीत भीत म्हणाला.

"मले डोळे हायेत. तू वीट काढ."

अख्खी गल्ली दारात येऊन उभी होती. देवळातली मूर्ती उठून बाजारात गेली असती तरी लोक एवढे चकित झाले नसते. दुपारी नगरपालिकेचा नवा ओव्हरसियर सायकलवरून आला. काकांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा.

"काका, हे काय?"

"अतिक्रमण हाय. साफ अतिक्रमण. नोटीस काढा. पण माह्या नावानं काढा. गफूरचा याच्यात काही संबंध नाही."

तो पोरगा ओट्याकडे पाहून सायकलवर बसला आणि आल्या वाटेनं गेला. नोटीस काही आली नाही.

गफूरभाईंना चौघांनी बाजेसकट बाहेर आणलं. उन्हानं त्यांचे डोळे मिटले. मग हळूहळू उघडले. त्यांनी चौक पाहिला, जाणारी एसटी पाहिली, खालचा ओटा पाहिला, रस्ता पाहिला. वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर जुळवत ते म्हणाले, "दौलत... राव. लाइन... सुटली."

"तुह्या बापाची सुटली!" काका गरजले, आणि पाठ फिरवून कितीतरी वेळ नालीतलं पाणी वाहतं की नाही ते पाहत राहिले.

तो हिवाळा दोघांनी त्या ओट्यावर काढला. उन्हाळा लागायच्या सुमाराला गफूरभाई वारले. मातीला काका गेले, सगळ्यात मागं चालत. आणि त्याच आठवड्यात त्यांनी पहार उचलली. हमीदाभाभींनी माझ्याजवळ निरोप दिला, राहू द्या, काय बिघडतं. मी सांगायला गेले. काका घामानं भिजले होते.

"ज्याच्यासाठी होता तो गेला, बाई. आता ते नुसतं अतिक्रमण हाय."

त्यांनी ओटा जुन्या रेघेवर आणला, विटा रचून भाभींच्या दाराशी ठेवल्या, आणि त्या दिवसापासून ते बाहेर पडायचेच थांबले. नव्या लेआउटमधली माणसं विचारायला आली की आतूनच म्हणायचे, "बांधा कुठंबी." कुठंबी! मी भाकरी नेऊन द्यायची, ती बरेचदा तशीच झाकलेली असायची.

पावसाळा सरला. एक दिवस शाळेतून येताना पाहते तर काका बऱ्याच दिवसांनी रस्त्यावर उभे. भाभींनी एक बकरी पाळली होती आणि ती दाराशेजारच्या खुंट्याला लांब दोरीनं बांधलेली, नालीच्या पलीकडे रस्त्यात उभी होती. काका तिच्याकडे पाहत होते. मग पडलेल्या आवाजात बंद दाराकडे पाहून म्हणाले, "भाबी, बकरी रस्त्यात आली हाय."

हमीदाभाभी गोषातल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी कधी परसदाराबाहेर ऐकला नव्हता. दाराचा पडदा हलला, आणि आतून अशी काही गर्जना झाली की बकरीसुद्धा दचकली.

"आ गई होगी! बकरी बकरी है, बांधकाम थोड़ी है! नहीं हटाती, जाओ!"

मी जागच्या जागी खिळले. गल्लीतली दारं धडाधड उघडली. काकांच्या मिशा थरथरल्या, छाती भरून आली, आणि ते पूर्वीच्या त्या जुन्या आवाजात ओरडले, "उद्या सकाळी येतो मी! मंग पाहतो काहून नाही हटत ते!"

"आना! मैं भी देखती हूँ!"

काका घराकडे वळले. पडद्याच्या फटीतून भाभींचे दोन्ही हात बाहेर आले, आणि खुंट्याची गाठ त्यांनी आणखी घट्ट केली.