श्रावणात सोयाबीन वर्ज्य

बापूसाहेब काटकर श्रावणात सोयाबीन खात नसत.

सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला आणि एकादशीलाही नाही. नवरात्रात तर सोयाबीनच्या बड्यांचा डबासुद्धा घराबाहेर व्हरांड्यात जाई, कारण आतल्या खिडकीतून देवीची टेकरी दिसायची. एकदा सोमवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये बड्यांची भाजी होती. बापूसाहेबांनी ताट दोन्ही हातांनी मागे सारलं.

"आज वार कोणता, भिया? शिव शिव!"

वाढपी म्हणाला, "बापूसाहब, ये तो दाल जैसी चीज है. इसमें क्या हर्ज?"

"तुम्हारे यहाँ होगी दाल. हमारे यहाँ इसका कायदा अलग है."

आणि ते लोणच्याशी चार पोळ्या खाऊन उठले.

ही देवासची गोष्ट, सत्तरचं दशक संपतानाची. माळव्यातल्या काळ्या शेतांत नुकतंच सगळीकडे सोयाबीन आलं होतं. आमच्या कारखान्यात त्याचं तेल काढत आणि उरलेल्या पेंडीच्या कोरड्या, स्पंजासारख्या बड्या करत. बापूसाहेब तिथे स्टोअरचे हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. क्वार्टर्सच्या ओळीत आमच्या दोघांच्या मधे एक भिंत. मी ब्राह्मण, म्हणून ते मला 'भटजी' म्हणत. मला संध्यासुद्धा धड येत नव्हती, पण त्याने काही बिघडलं नाही.

ते मूळ धारचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्यात होते, मटणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. संस्थान गेलं, मुदपाकखाना गेला, कायदे तेवढे बापूसाहेबांकडे राहिले. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती मुलगी शालू धारला एका कापडवाल्या वैष्णव घरात दिलेली. दिलेली म्हणजे तिने स्वतःच ठरवलेलं. बापूसाहेब लग्नाला गेले नव्हते, एवढं लाइनीत सगळ्यांना माहीत होतं.

दर रविवारी सकाळी अंगणात शेगडी पेटे. घरातल्या गॅसवर सोयाबीन शिजवायचं नाही, कारण मटण कधी माजघरात शिजत नाही. भांडी वेगळी, पळी वेगळी, पाटा-वरवंटासुद्धा वेगळा. बड्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, मग गार पाण्यात, मग दोन्ही तळव्यांत दाबून पिळायच्या. सात वेळा. "सहा वेळांपर्यंत ती पेंड असते, भटजी. सातव्यांदा माणसात येते." मग हळद, मीठ, आलं-लसूण चोळून दोन तास फडक्याखाली. सुकं खोबरं निखाऱ्यावर, कांदा राखेत.

खरी मजा वाढताना. लाइनीतले आम्ही दोघे-तिघे पंगतीला असायचो. बापूसाहेब पळी घेऊन उभे राहत आणि गंभीर आवाजात विचारत, "नळी कुणाला? कलेजी कोण घेणार?" लांबट बडी ती नळी. बुडाला लागून काळी पडलेली ती कलेजी, आणि ती वयाने मोठ्या माणसालाच. एकदा मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तुमची अजून कलेजीची उमर नाही." मी पस्तीस वर्षांचा होतो, एका मुलाचा बाप.

"पण हे सगळं कशाला, बापूसाहेब? शेवटी सोयाबीनच ना?"

"मटणासारखं लागायला पाहिजे ना? मग त्याला मटणासारखंच वागवलं पाहिजे. त्याला कळतं."

आता माझ्याविषयी. मला नकला करायची खोड होती. बापूसाहेबांची नक्कल मी कारखान्यात केली, लग्नघरात केली, बसमध्ये केली. माझी एक पद्धत होती. सोयाबीनचं नाव आधी काढायचंच नाही. शेगडी, मसाला, नळी, कलेजी असं सगळं रंगवायचं, ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटू द्यायचं, थोडं थांबायचं आणि मग सांगायचं की पातेल्यात बकरा नाही, बड्या आहेत. लोक लोळत हसायचे. त्या थांबण्याचा मला फार अभिमान होता.

एकदा बहिणीकडे धारला गेलो होतो, तेव्हा लुगडं घ्यायला शालूच्या सासऱ्यांच्या दुकानात शिरलो. सेठजींनी गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी देवासचा, बापूसाहेबांचा शेजारी, हे कळल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आप तो ब्राह्मण हैं, पंडितजी. सच बताइए, रविवार को उनके यहाँ क्या पकता है?"

मला वाटलं, चांगला श्रोता मिळाला.

"क्या बताऊँ सेठजी! सुबह से सिगड़ी जलती है. आधी लाइन महक जाती है. फिर परोसते हैं, नळी कुणाला, कलेजी कोण घेणार..." मी उभं राहून पळीसुद्धा धरून दाखवली. आणि थांबलो.

तेवढ्यात लग्नाच्या खरेदीला आलेली दहा-बारा माणसं दुकानात शिरली. सेठजी उठले. मी जरा वेळ वाट पाहिली. मग माझं पुडकं आलं, बसची वेळ झाली होती, मी निघालो. वाटेत मला वाईट वाटलं ते एवढंच, की शेवट सांगायचा राहिला आणि गंमत फुकट गेली.

देवासला पोचलो तर बापूसाहेब अंगणात नव्या पातेल्याला माती लावत होते.

"भटजी, पुढच्या रविवारी शालू येणार जेवायला. पोरालाही आणते आहे."

"वा! मग आजवर का नाही आली?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "ज्या घरात मांस शिजतं तिथलं पाणीसुद्धा तिला चालत नाही आता. सासरचा कायदा. चुकीचा नाही, ज्याचा त्याला. तिने एकदा पत्रात लिहिलं होतं, सगळं बरं आहे, फक्त रविवारी तुमच्या हातच्या मटणाची आठवण येते. आता काय करणार? मग मी सोडलं. जुनी भांडी कासाराला दिली. म्हटलं, तिच्या कायद्यातही बसेल आणि तिला घरचंही लागेल, असं काहीतरी जमवू. दोन वर्षं झाली हात बसवतोय." मग किंचित हसून म्हणाले, "सेठजी म्हणाले, चौकशी करतो आणि पाठवतो. करू दे. चौकशीला आपण कुठे भितो?"

मी 'हो' म्हणालो आणि घरात गेलो.

रविवारला सहा दिवस होते. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, अर्ध्या दिवसाचा रस्ता. मी मनाशी म्हणालो, सेठजी शहाणे आहेत, त्यांना थट्टा कळली असेल. मग म्हणालो, रजा मिळणार नाही. मी रजा मागितलीच नव्हती. खरं कारण असं, की त्या गादीवर बसून 'मी नक्कल करत होतो' हे सांगायची मला लाज वाटत होती.

शनिवारी पोस्टकार्ड आलं. हिंदीत दोन ओळी. इस बार आना नहीं होगा.

बापूसाहेबांनी ते मला दाखवलं. म्हणाले, "मी लग्नाला गेलो नव्हतो, भटजी. ते कसं विसरतील? माझंच आहे हे." दुसऱ्या दिवशी शेगडी नेहमीसारखी पेटली.

त्यानंतर त्यांनी कधी बोलावणं धाडलं नाही. आपण होऊन जायला कोणतं तोंड आहे, म्हणायचे. लाइनीतले लोक बदलले, पंगतीला मी एकटा उरलो. तरी पातेलं तेवढंच मोठं. निवृत्त झाल्यावरही ते देवासलाच भाड्याने राहिले आणि कारखान्यातून बड्या मीच आणून देत असे. पाच-सहा वर्षं अशी गेली. एका रविवारी मी ठरवून गेलो की आज सांगायचंच. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, पिळताना चार वेळांतच दमले. माझ्यासमोर ताट ठेवून म्हणाले,

"खरं सांगा. आता लागतं का मटणासारखं?"

मी जन्मात मटण चाखलेलं नव्हतं. दोन-तीन शेजारी सोडून गेल्यावर त्यांच्याजवळ परीक्षक म्हणून उरला होता तो मी.

"अगदी," मी म्हणालो.

"शालूला आवडेल?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळला की बोलायचं, असं ठरवलं होतं. गिळला, आणि मी आणखी वाढायला सांगितलं. ते इतके खूश झाले की मला कलेजी वाढली.

त्या हिवाळ्यात ते गेले.

तेराव्याला शालू आली. स्वयंपाक आचाऱ्याने केला होता, त्यामुळे सासरची हरकत नव्हती. लग्नानंतर बापाच्या घरी ती पहिल्यांदा जेवली, वरणभात आणि बुंदीचा लाडू. पानं उठल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही शेवटपर्यंत होतात. बाबांनी मटण सोडलं नाही म्हणून आमच्याकडे फार बोलायचे. मी म्हणायची, जाऊ दे ना, त्यांना दुसरा कसला शौक होता? एकटा माणूस. मनासारखं खाऊन-पिऊन गेले, बरं झालं. मी कधीच रागावले नाही त्यांच्यावर."

ज्या गोष्टीची क्षमा ती बापाला करत होती ती त्यांनी केलेलीच नव्हती. मी मान हलवली. तिला चारच्या बसला बसवून दिलं.

आज मी ऐंशीच्या पुढे आहे, ती सत्तरीच्या आसपास असेल. शालू, बापूसाहेबांनी मटण सोडलं होतं, आणि ते तुझ्यासाठी. तुझ्या सासऱ्यांना दुसरं सांगणारा माणूस मी.

तिची शाळा हिंदीत झाली, मराठी वाचायला तिला जड जातं. धारमध्ये कोणी तिला ओळखत असेल तर कृपा करून तिच्याजवळ बसावं आणि हे सावकाश वाचून दाखवावं.