मेश्राम सर आणि बेडकांचं बापपण

मेश्राम सर ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्याला जात विचारत. आम्ही चौबे कॉलोनीत राहायला आलो, तेव्हा मी टेम्पोतून गादी उतरवत होतो. शेजारच्या फाटकातून ते आले आणि म्हणाले, "नमस्कार, मी मेश्राम. भैया, तुमची जात कोणती?"

त्यांच्या उघड्या दारातून बाबासाहेबांची तसबीर दिसत होती, त्यामुळे मी जास्तच गडबडलो. कसंबसं म्हणालो, "कुणबी."

"ते नाही हो! बाप म्हणून कोणती? अंडी सोडून पळणारी, का पिल्लं पाठीवर नेणारी?"

मूलबाळ अजून नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग टाइम आहे. विचार करून ठेवा."

सरांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. साऱ्या कॉलोनीची त्यांनी बेडकांप्रमाणे वाटणी केली होती. पोराला होस्टेलात टाकून मोकळे झालेले ठेकेदार म्हणजे नाल्यात अंड्यांची माळ सोडून जाणारे. मुलीचं दप्तर, बाटली आणि मुलगी असं सगळं पाठीवर घेऊन बसथांब्याकडे धावणारे बँकवाले म्हणजे दक्षिण अमेरिकेतले बेडूक. किराणावाल्याचा आठ वर्षांचा पोट्टा गिऱ्हाइकांशी मोठ्या माणसासारखा हुज्जत घालायचा. त्याच्याबद्दल सर म्हणत, "हा सह्याद्रीतला. टॅडपोल होतच नाही. अंड्यातून डायरेक्ट बेडूक!"

तात्यापाऱ्यातल्या एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो. मी रसगुल्ला उचलला, तोच सर म्हणाले, "ऑस्ट्रेलियात एक बेडकी होती. आपलीच अंडी गिळे. पोटात पिल्लं वाढेपर्यंत अन्नाले शिवत नसे. मंग तोंडातून एकेक पिल्लू बाहेर." रसगुल्ला माझ्या हातातच राहिला. समोरच्या बाई ताट घेऊन उठल्या. सरांना ते कळलंही नाही. "संपली ती जात," ते स्वतःशीच म्हणाले. "आता कोणाले दिसणार नाही."

रस्त्याच्या खोदकामातली डबकी आटू लागली, की सर तिथली पिल्लं रंगाच्या बादलीत भरून स्कूटरवरून घरच्या टाक्यात आणत. पाणी हिंदकळू नये म्हणून इतकं हळू चालवत, की मागे हॉर्नचा कल्लोळ व्हायचा. "डिलिव्हरी केस आहे!" सर मागे न बघता ओरडत.

त्यांचं सगळं मन लावून ऐकणारी एकच होती, माझी बायको स्मिता. तिला दिवस गेले तेव्हा सर रोज संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीशी येऊन तिला नव्या बेडकाची गोष्ट सांगू लागले. पानावर फेसाचं घरटं बांधणारी बेडकी, गळ्याच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा बाप. स्मिता हसायची.

सातव्या महिन्यात मुलगी झाली. ती रडलीच नाही.

आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. येणारा जाणारा सांगे, "अभी उमर है, दुसरं होईल." स्मिता कोणाशी बोलेना. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका दुपारी सर आले. हे आता बेडूक काढतात की काय, या भीतीनं मी दारातच उभा राहिलो. सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

शेवटी बेडकांचा विषय स्मितानंच काढला. "सर, बेडकी एवढी अंडी घालते. त्यातली किती मरतात. तिले काही वाटत असन का?"

सरांनी चष्मा काढला. "मले माहीत नाही, बेटा. एवढं शिकवलं, पण हे नाही माहीत." मग ते म्हणाले, "आमची बी अशीच गेली होती. मी तुझ्या काकूले म्हटलं, विसरून जा, पुन्हा विषय नको. तिनं मंग कधीच काढला नाही. तिनं मनातल्या मनात काही नाव ठेवलं असन. मी विचारलंच नाही. आता कोणाले विचारू?"

सरांनी चष्मा पुसून परत लावला आणि स्मिताकडे बघितलं.

"तुम्ही ठेवलं होतं का काही?" सरांनी विचारलं.

"ओवी," स्मिता म्हणाली, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा रडली.

"ओवी," सर हळूच म्हणाले. ते उठले नाहीत. बाहेर अंधारून आलं, दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही, आणि सर तसेच बसून राहिले.