उकंडरावांचं चाक

पाणी वरून खाली पडताना दिसलं की उकंडरावांचा जीव खालीवर व्हायचा. नळ असो, पन्हाळ असो, की कुणाच्या बंबाची तोटी असो. ते थांबायचे, धारेखाली तळहात धरायचे, डोळे मिटून तिचा जोर अजमावायचे आणि कळवळून म्हणायचे, "फुकट पडून राह्यलं ना बाप्पा!"

हे घरच्या नळापुरतं असतं तर चाललं असतं. पण वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीच्या महादेवाच्या देवळात पिंडीवर अभिषेकाचं पात्र ठिबकत असताना ह्यांनी पुजाऱ्याला विचारलं, "महाराज, हे भांडं दोन हात वर टांगलं तं देवाले चालन का?"

पुजाऱ्याला वाटलं, नवस असेल. "काऊन?" त्यानं विचारलं.

"पान्याले जोर येईन."

त्या दिवसापासून उकंडराव देवळाच्या पायरीवर दिसले की पुजारी आधी पात्राची साखळी चाचपून बघायचा.

त्यांची भाजीची वाडी आमच्या घराला लागूनच होती. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मांडवावर कारली आणि दोडकी. माणूस एकटा. बायको नाही, पोर नाही, दोन दिवस दिसला नाही तर विचारणारं कोणी नाही. माल बाजारात गेला की उरलेला दिवस चाकं बनवण्यात जायचा. डालड्याच्या डब्यांचे पत्रे, मोडक्या छत्र्यांच्या काड्या, जे हाती लागेल ते चाकात जायचं. माझ्या मुलाच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाकं एकदा अशीच गेली आणि बैल त्या वर्षी कडेवर बसून मिरवला. माझ्या सायकलचा डायनामो तर त्यांनी न विचारताच काढून नेला. तेव्हा वर्ध्यात अंधार पडल्यावर बिनदिव्याची सायकल पोलीस धरत. मला धरलं. मी घरी येऊन तणतणलो, तर हे शांतपणे म्हणाले, "भाऊ, पानी असताना मानसानं काऊन पाय मारावा?"

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं होतं. पोटासाठी ते सह्याद्रीत गेले होते. तिथे घनदाट जंगलात धरण बांधून वीज करण्याचं काम चाललं होतं, आणि त्यात ते मजुरांचे मुकादम होते. चार महिने सूर्य न दिसणारा पाऊस, अंगाला डसलेल्या जळवा, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं, हे सगळं ते रंगवून सांगायचे. धरण पुरं झाल्यावर मात्र काय झालं, हे विचारलं की वांग्यांना पाणी द्यायला उठून जायचे. एवढंच म्हणायचे, "पान्याले कामाले लावा. पन झाड तोडाचं नाई, घर बुडवाचं नाई, आन संध्याकाळी पान्याले त्याच्या रस्त्यानं वापस जाऊ द्याचं."

सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना त्यांचं पाणी सापडलं. मांडवासाठी बांबू आणायला ते आंजीच्या पुढच्या जंगलात गेले होते. सागाच्या आणि मोहाच्या झाडांत चिचखेडी म्हणून दहा-बारा घरांची वस्ती आहे. तिच्या पायथ्याशी एक नाला दीड पुरुष उंचीच्या खडकावरून खाली पडतो. उकंडरावांनी बांबू तिथेच टाकले आणि पळत माझ्याकडे आले. "भाऊ, अख्खा नाला फुकट पडून राह्यला!"

मग वर्षभर त्यांनी माझी एक सुट्टी माझी राहू दिली नाही. हिंगणघाटला भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना डायनामो घेतला. जिनिंगच्या मिलमधून मोडीत निघालेला पट्टा घेतला, तारेचं भलंमोठं भेंडोळं घेतलं. ते भेंडोळं एसटीत माझ्या मांडीवर होतं, म्हणून त्याची लांबी मला पक्की ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाला फळ्या ठोकून खडकाखाली उभं केलं. खडकाच्या वर दगडमातीचा लहान बांध घातला आणि बांधातून चाकावर पाणी सोडणारी लाकडी पन्हाळ बसवली. झाड एकही तोडलं नाही. एक साग आडवा येत होता, तर पन्हाळ वाकडी केली.

वस्तीत त्यांना एकच वैरीण मिळाली. रंगूमाय. म्हातारी, एकटी, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले, आणि जीभ मात्र शाबूत. तिचं मातीचं घर बांधाच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठाशी होतं. बांधामागे साचणारं पाणी आपल्या अंगणात येणार, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. उकंडरावांनी अंगणाच्या कडेला एक खुंटी ठोकली आणि तिचा हात धरून खुंटीवर ठेवला. "माय, ह्याच्या इकडं पानी आलं तं माह्या नावानं दगड मार."

"तुह्या खुंटीले काय पानी भेते का रे उकंड्या?" ती म्हणाली, आणि जंगलखात्याच्या नाकेदाराकडे तक्रार केली.

नाकेदारानं ती वर पाठवली. रेंजरसाहेबांचा निरोप आला की कोजागिरीच्या दिवशी दुपारी स्वतः येतो. नुकसान न होता दिवा लागला तर राहू देऊ, नाहीतर सगळं उचलून न्या.

मी आदल्या दिवशीच गेलो. त्या रात्री हस्ताचा पाऊस आला. सकाळी तो थांबला, पण वरच्या डोंगराचं पाणी उतरतच होतं. नाला तांबडा होऊन वाहत होता. चाक असं गरगरत होतं की बघवत नव्हतं. आणि चाकाशेजारी काठीला बांधलेला दिवा लख्ख लागला होता! भर दिवसा तो दिवा बघायला सगळी वस्ती जमली. बायका हात लावून बघू लागल्या. मी तर उकंडरावांना मिठीच मारली. ते हसले नाहीत. ते बांधाकडे बघत होते.

पाणी खुंटीला लागलं होतं.

बघता बघता खुंटी बुडाली. पाणी अंगणात शिरलं, तुळशीच्या ओट्याला लागलं, आणि संथपणे भिंतीकडे सरकू लागलं. मातीच्या भिंतीचा पाया भिजला की ती बसते, हे तिथल्या लेकरालाही माहीत होतं. रंगूमायला सगळ्यांनी हाका मारल्या. ती दार धरून आत उभी होती. "मी नाई निंघत. मले मारायचं असन तं मारा."

नाकेदार सायकल हाणत आला. "साहेबाची जीप फाट्यावर आली! आता येतेच!"

गावचे पोलीस पाटील म्हणाले, "अरे, चार जन जा आन बुढीले उचलून आना. भिंत पडली तं आपन बांधून देऊ. येवढा दिवा तं दाखवू द्या साहेबाले."

ते मला पटलं. आज कबूल करायला लाज वाटत नाही, सगळ्यांनाच पटलं. दोन पोरं पाण्यात उतरलीसुद्धा. उकंडराव मात्र जागच्या जागी उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो.

"तिथं धरनावरई हेच सांगत होते," ते म्हणाले. "पायरीपावतरच येईन पानी, मंग वापस जाईन. मीच सांगत होतो लोकाईले. घरोघरी जाऊन. मानसं उचलून आनली भाऊ, ह्याच हातानं. एक बुढी पाठीवर होती तं रस्ताभर म्हने, चुलीवर दूध ठेवलं आहे, उतू जाईन."

आणि त्यांनी दगड उकरायची लोखंडी सब्बल उचलली.

"उकंडराव, अहो घटकाभर थांबा!" मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो असा हिसडला की मी चिखलात बसलो. कमरभर पाण्यात उतरून ते बांधावर घाव घालू लागले. वर्षभर स्वतःच्या हातानं रचलेला एकेक दगड. तिसरा-चौथा दगड निघाला आणि पाण्यानं बाकीचं स्वतःच केलं. बांध फुटला. पन्हाळ मोडून गेली, चाक उखडलं, फळ्या उधळल्या, दिवा विझला. उकंडराव लोंढ्यात खेचले गेले आणि त्या वाकड्या पन्हाळीच्या सागाला अडकले. आम्ही दोर टाकून त्यांना ओढलं तेव्हा त्यांच्या हातात सब्बल तशीच होती. माझी भीती आणि राग दोन्ही एकदम बाहेर पडले. मी त्यांना नको नको ते बोललो आणि रडलो.

जीप आली तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं.

"काय दाखवणार होतात?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"काई नाई साहेब," उकंडराव म्हणाले. "पानी होतं. सोडून देलं."

साहेब नाकेदाराला म्हणाले, "मग उचलायला लावा सामान." तेवढ्यात रंगूमाय चिखल चाचपत काठीनं तिथवर आली. "साहेब कोन्या अंगाले हायेत?" असं विचारून तिनं तोंड तिकडे केलं.

"तक्रार माही होती ना? मी ते वापस घेतो. त्याचा बांध उंच झालता. लहान बांधू द्या त्याले. माह्या आंगनात पानी आलं तं मीच तुमाले सांगतो."

साहेब फुटलेल्या बांधापर्यंत चालत जाऊन आले. मग दिवाळीनंतर पुन्हा बघायला येईन, एवढं बोलून गेले.

या खेपेला बांध गुडघाभरच बांधला. वस्तीतल्या सगळ्यांनी दगड वाहिले. चाक हळू फिरलं, साहेबांसमोर कसाबसा दिवा लागला आणि त्यांनी तो राहू दिला. पण दिवा एक. एकच. आता तो कुठे टांगायचा यावरून चिचखेडीत जवळजवळ मारामारी झाली. पोलीस पाटलांना तो आपल्या ओसरीत हवा होता, बायकांना मारुतीच्या पारावर. उकंडरावांनी जाहीर केलं की तार पुरत नाही, सर्वांत जवळचं घर रंगूमायचं, तिथेच लागेल. जिला दिसत नाही तिच्या अंगणात दिवा! लोक कपाळाला हात लावून परतले. ते भेंडोळं मी मांडीवर आणलं होतं. ती तार पारापर्यंत जाऊन वर उरली असती.

त्यानंतर उकंडराव नालवाडीला फक्त बाजाराच्या दिवशी दिसू लागले. वाडी वाट्यानं दिली. विचारलं तर म्हणायचे, "बुढी अंधारात भेते भाऊ. चाकाजवळ कोनी पायजे."

दोन वर्षांनी मी चिचखेडीला गेलो. दिवस मावळत होता. उकंडराव चाकाकडे गेले होते. रंगूमाय अंगणात भाकरी थापत बसली होती, दोन माणसांच्या. मी गमतीनं विचारलं, "माय, तुला दिव्याचा काय उपयोग गं?"

"मले काय उपेग?" ती म्हणाली. "मले दिवस आन रात सारखीच. पन तो चाक सुरू करते, मंग दिवा लागला का नाई ते पाहाले इथं येते. आला का बसते. बसला का जेवते." तिनं तव्यावरची भाकरी बोटांनी चाचपून उलटली. "त्याले सांगू नोको मात्र. त्याले वाटते का मी अंधाराले भेतो."